सवलत नेमकी कुणाच्या दारात?

विजेवर चालणाऱ्या गाड्यांना सरकारने मदत करावी, यावर वाद नसावा. धूर कमी झाला तर भले सगळ्यांचेच, आणि सर्वांत जास्त दिवसभर रस्त्यावर राबणाऱ्यांचे. प्रश्न एवढाच की, ही मदत पोहोचते कुणापर्यंत?

२०१९ च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारने आयकर कायद्यात कलम ८० ईईबी आणले. विजेची गाडी कर्जाने घेतल्यास त्या कर्जाच्या व्याजापैकी वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतची रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा करता येऊ लागली. १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ या काळात मंजूर झालेल्या कर्जांनाच ही सोय होती.

जरा हिशेब मांडून पाहा. मोटारीसाठी १५ लाखांचे कर्ज आणि १० टक्के व्याज धरले, तर पहिल्या वर्षी सुमारे दीड लाख व्याज होते. ३० टक्के दराने कर भरणाऱ्याचे त्यात ४५ हजार रुपये वाचले. घरोघरी पार्सल पोहोचवणाऱ्या मुलाने स्कूटरसाठी एक लाखाचे कर्ज घेतले. त्याची कमाई आयकर लागण्याइतकी नाहीच, मग त्याची बचत शून्य. पै-पै साठवून रोखीने गाडी घेणाऱ्यालाही शून्य. आणि व्याज हराम मानून कर्जापासून दूर राहणाऱ्या आपल्या तरुणांसाठी तर हे दार उघडलेच नाही. हे कलम कुणा समाजाविरुद्ध लिहिलेले नव्हते. पण त्यात या माणसांचा विचारही नव्हता.

करातून दिलेल्या सवलतीचा हा दोष इतरत्रही दिसला. अमेरिकेत नव्या विजेच्या मोटारीवर ७,५०० डॉलरपर्यंत करमाफी मिळे. पण भरायचा कर त्याहून कमी असेल, तर उरलेली माफी वाया जाई. २०२४ पासून तिथे सुधारणा झाली. ग्राहकाने ती माफी विक्रेत्याच्या नावे करायची आणि तेवढी रक्कम गाडीच्या किमतीतूनच कमी करून घ्यायची. श्रीमंतांसाठी उत्पन्नाची मर्यादाही होती. ३० सप्टेंबर २०२५ नंतर ही योजनाच बंद झाली, पण धडा शिल्लक आहे: सवलत दुकानातच मिळाली, तर ती कमी कमाईच्या माणसाच्याही हाती लागते.

आपल्याकडे विजेच्या गाड्यांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, तो असाच सर्वांना लागू आहे. पीएम ई-ड्राइव्ह योजनेतले अनुदानही किमतीतून वजा होते. पण दुचाकीसाठी ते २०२५-२६ मध्ये जास्तीत जास्त ५,००० रुपयांवर आले. त्याच वर्षी महाराष्ट्राने अटल सेतू आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर विजेच्या मोटारींना टोल माफ केला. या दोन्ही रस्त्यांवर स्कूटर आणि रिक्षाला प्रवेशच नाही!

म्हणून आपली मागणी साधी असावी. सवलत करात नको, किमतीत हवी. आधी रिक्षा, मालवाहू तीनचाकी आणि स्कूटरला हवी, मग महागड्या मोटारीला. चार्जिंगची सोय मॉलच्या तळघरात आहे तशी आपल्या मोहल्ल्यातही हवी. नगरसेवक आणि आमदार मते मागायला येतील, तेव्हा हे प्रश्न तयार ठेवा. हवा सगळ्यांची आहे. ती स्वच्छ करण्याच्या पैशातला वाटाही सगळ्यांचा आहे.