हिंगोलीला समुद्र नाही, तरीपण...

"हिंगोलीच्या पोरांना समुद्राचं काय घेणंदेणं?" असं कुणीही विचारेल. आपल्याकडं पाणी म्हणजे कयाधू. पण एस.टी.च्या डिझेलपासून गावातल्या ट्रॅक्टरपर्यंत आपलं सगळं तेलावर चालतं. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८० टक्क्यांहून जास्त बाहेरून येतं, आणि ते बहुतेक जहाजानंच.

तेल सांडलं की आपल्या डोळ्यांसमोर टँकर येतो. पण ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-३' यांची टक्कर झाली, तेव्हा चित्रा हे टँकर नव्हतं, कंटेनरचं जहाज होतं. तरी त्याच्या स्वतःच्या इंधनापैकी सुमारे ८०० टन तेल समुद्रात गेलं. कंटेनर पाण्यात पडले, बंदराची वाहतूक काही दिवस ठप्प झाली, रायगडच्या किनाऱ्यावरच्या खारफुटीला तेल चिकटलं. लोक मासळी घ्यायला घाबरू लागले. टक्कर जहाजांची आणि भुर्दंड कोळ्यांना!

यात आपल्या शाखेचा विषय आहे. १९८९ साली अलास्कात 'एक्सॉन वाल्डेझ' फुटलं. त्यानंतर टँकरला दुहेरी कवच, म्हणजे डबल हल, सक्तीचं झालं. बाहेरचा पत्रा फाटला तरी आतली टाकी शाबूत राहावी, एवढी साधी कल्पना. इतर मोठ्या जहाजांच्या इंधनटाक्यांना असंच संरक्षण देण्याचा नियम मात्र १ ऑगस्ट २०१० पासून ताब्यात मिळणाऱ्या जहाजांना सरसकट लागू झाला. चित्रा होतं १९८० चं. नियम आला आणि सहा दिवसांत टक्कर झाली!

म्हणून माझं मत असं, की नियम फक्त नव्या जहाजांना लावून भागत नाही. जुन्या जहाजांची तपासणी कडक हवी, बंदराच्या अरुंद वाटेत रेडिओ संपर्क चोख हवा, आणि तेल अडवणारे बूम, उपसणारे स्किमर बंदरावर तयार हवेत. कारण एकदा पसरलेलं तेल थोडंच परत हाती लागतं.

आणि आपण? वर्कशॉपमधलं जळकं ऑईल गटारात ओतलं, तर ते कयाधूत जातं. कयाधू पैनगंगेला, पैनगंगा वर्धेला, पुढं प्राणहिता, गोदावरी आणि शेवटी बंगालचा उपसागर. म्हणजे हिंगोलीलाही समुद्र आहे, फक्त जरा लांब आहे. तेव्हा जळकं ऑईल डब्यात साठवून रीतसर पुनर्वापराला देऊ या. सुरुवात आपल्याच वर्कशॉपपासून का नको?