गाडा शिवेपार, रोग गोठ्यात!

शेतकरी बंधूंनो, रोगराई आली म्हणजे मरीआईचा गाडा सजवून शेजारच्या शिवेवर नेऊन सोडावयाचा, ही आपली जुनी चाल. शेजाऱ्याने तो पुढल्या गावाच्या गळ्यात घालावा! यात देवीची भक्ती किती आणि शेजाऱ्याचे वाटोळे किती? भटजीपुढे मान वाकवावयाची नाही, असे आम्ही सभेत गर्जतो. आणि घरी देवरुषी "कोप झाला" म्हणाला की कोंबडे, नारळ घेऊन त्याच्या पायाशी बसतो. शाहू छत्रपतींनी १९१७ साली करवीरात सक्तीचे मोफत शिक्षण सुरू केले, ते याचसाठी काय?

२०२२ साली लम्पी आपल्या जिल्ह्यातील गोठ्यांत शिरली. ताप, अंगभर गाठी, पायांस सूज. हा रोग देवीच्या रोगाचाच भाऊबंद. त्याचा विषाणू डास, चावऱ्या माशा व गोचिडी वाहून नेतात. त्यांस शीव कळत नाही, लिंबूही दिसत नाही. माणसांतील देवी हिंदुस्थानातून १९७५ साली गेली, ती कोणाच्या नवसाने? १७९६ साली जेन्नरने गाईच्या देवीची लस मुलास टोचली, तेथून ती वाट निघाली. बैलांचा काळ बुळकांड्या साऱ्या जगातून नाहीसा झाल्याचे २०११ साली जाहीर झाले, तोही गेला लसीनेच. आणि लम्पीत आपल्या गाईंस टोचली ती शेळ्यांच्या देवीची लस. माणसाला गाय वाचविते, गाईला शेळी. मधल्यामध्ये दक्षिणा मात्र देवरुषाची!

आता दुसरा देवरुषी पाहा. हा मोटारसायकलवरून पिशवी घेऊन येतो. पदवी नाही, तपासणी नाही. ताप दिसला की प्रतिजैविकाची सुई खुपसली! विषाणू त्या औषधाने मरत नाही. गाठी फुटून जखम चिघळली तर त्याचा उपयोग होतो, पण ते पशुवैद्याने ठरवावयाचे. कासदाहात दूध तपासून कोणता जंतू कोणत्या औषधास दबतो ते पाहता येते. तसे न करता अर्धामुर्धा डोस दिला, तर उरलेले जंतू निर्ढावतात. औषधाचा अंश दुधात उतरतो, आणि ते दूध पितात आपलीच लेकरे. सुई दिल्यावर पशुवैद्य सांगेल तितके दिवस ते दूध डेअरीस घालू नये. नुकसान होते खरे, आम्हांस ते ठाऊक आहे.

सरकारलाही सोडावयाचे कारण नाही. साथीचा संशय येताच कळविण्याचे बंधन २००९ च्या कायद्याने आपल्यावर घातले आहे. मग वर्दी पोचल्यावर त्याच दिवशी डॉक्टर गोठ्यात दिसला पाहिजे, आणि लस साथ पसरण्याआधी आली पाहिजे. मायबहिणींनो, शेणघाण तुम्ही काढता, तेव्हा गाठ प्रथम तुमच्याच हातास लागते. आजारी जनावर त्याच क्षणी वेगळे बांधा. लस टोचणारा आला की कानातील बिल्ल्याचा नंबर नोंदविल्याशिवाय त्यास दारातून हलू देऊ नका.