पाहुण्यांची मखमल

घर कोणाचे आहे हे दारावरच्या पाटीवरून कळत नाही, खिडकीच्या पडद्यावरून कळते. पाटीवर नाव मालकाचे असते, पडदा मात्र पाहुण्यांच्या पसंतीचा. आपला मध्यमवर्गीय माणूस वीस वर्षे हप्ते फेडून घर बांधतो आणि त्यातली सगळ्यांत मोठी खोली वर्षातून चारदा येणाऱ्या मंडळींच्या नावे करून टाकतो. तिला हॉल म्हणतात. घरची माणसे स्वयंपाकघरात जुन्या सतरंजीवर सुखाने बसतात आणि हॉलमध्ये मखमल एकटीच घाम गाळते.

आता आमचे वडवणी हे बीडहून परळीला जाणाऱ्या रस्त्यावरचे तालुक्याचे गाव. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. रस्त्याची धूळ न विचारता घरात येते, पाणी मात्र किती विचारले तरी वेळेवर येत नाही. अशा गावात खिडकीला काय लावावे? तर मखमल! रंग वांग्याचा, वर सोनेरी वेलबुट्टी, खाली झालर. एखाद्या संस्थानिकाने पाहिली तर आपण आजवर उघड्यावरच राहिलो असे त्याला वाटावे.

दुकानात जाऊन "जरा सुती दाखवा" म्हणून पाहा. लग्नाच्या पंगतीत पथ्याचे जेवण मागितल्यासारखा दुकानदार आपल्याकडे पाहतो. "सुती कोण घ्यायलंय आता, सर? सध्या हेच चालायलंय!" असे म्हणून तो नमुन्यांची जाडजूड वही आपल्या मांडीवर ठेवतो. 'चालायलंय' हा युक्तिवाद मला मुळीच मान्य नाही. वीज गेली की पंखा चालत नाही, आणि नेमक्या त्याच वेळी रेक्झिनच्या सोफ्यावर बसलेला माणूस उठताना सोफ्यासकट उठतो.

यात शास्त्रही आहे. शंभर ग्रॅम सूत हवेतला आठ ग्रॅमच्या आसपास ओलावा सहज पोटात घेते, पॉलिस्टर अर्धा ग्रॅमही घेत नाही. 'ज्याचा घाम त्याने पाहावा' असे त्याचे रोखठोक धोरण! मखमलीची तऱ्हा निराळी. तिच्या अंगावर उभी लव असते आणि त्या लवेत परळी रस्त्याची धूळ कायमची वस्तीला येते. मग पडदा धुवायचा. कोणी? हॉल पाहुण्यांचा, पसंती दुकानदाराची, पैसे माझे आणि धुणे घरच्या बाईचे! भिजलेला मखमली पडदा एकदा उचलून पाहा. नांगराचा बैल परवडला, तो निदान स्वतःच्या पायांनी चालतो. शिवाय १९७२ चा दुष्काळ आणि २०१६ चे टँकर पाहिलेल्या जिल्ह्यात माणसांनी मोजून पाणी प्यायचे आणि पडद्यांनी पोटभर? आमच्या आत्याने दुकानात एकच प्रश्न विचारला होता, "किती बादल्या पितंय रे हे?" दुकानदाराच्या वहीत तो रकानाच नव्हता.

पॉलिस्टरवाल्यांची बाजूही ऐकली पाहिजे. ते चटकन वाळते, चुरगळत नाही, उन्हाला सहजासहजी विटत नाही. खरे आहे. म्हणून माझा नियम साधा आहे: अंगाला लागेल ते सुती, नुसते नजरेला लागेल ते ज्याचे त्याने बघावे. चादर, अभ्रा, सोफ्याची खोळ सुतीच हवी, आणि खोळ काढून धुता आली पाहिजे. पश्चिमेच्या खिडकीला फिक्या रंगाचे, घट्ट विणीचे कापड घ्या. मागे मांजरपाटाचे अस्तर लावा. चार फुटी खिडकीला आठ फुटांचा घेर धरा. सुती कापड शिवण्याआधी भिजवून घ्या, नाहीतर मीटरमागे तीन-चार सेंटिमीटर आटून पडद्याची हाफ पँट होते. सुताने थाट कमी होईल अशी भीती असेल तर लक्षात ठेवा, औरंगाबादच्या नामांकित हिमरूतही रेशमाच्या जोडीला सूत असते.

आता कचेऱ्यांकडे वळू. सरकारी कचेरीत सोयीचे असे एकच कापड मी पाहिले आहे. ते म्हणजे साहेबांच्या खुर्चीवरचा पांढरा टॉवेल. लोक त्याला उगाच हसतात. तो सुती आहे, घाम टिपतो, रोज धुता येतो. गृहसजावटीच्या सगळ्या परीक्षांत तो पहिला! माझी तक्रार आहे ती वेगळीच. टॉवेल साहेबांच्या पाठीला, कारकुनाच्या खुर्चीला फाटलेले रेक्झिन आणि बाहेर ताटकळणाऱ्या माणसाला मे महिन्यात तापलेला लोखंडी बाक. कापड कोणत्या हवेत लागेल हे बघायचे सोडून कोणत्या हुद्द्याला लागेल हे बघितले जाते. आणि त्या बाकावर बसलेला माणूस बहुधा कोण असतो? कापूस पिकवणारा! त्याने वेचलेला कापूस गाड्या भरून जिनिंगला जातो आणि त्याच्याच गावाच्या खिडक्यांवर सुरतेचे पॉलिस्टर लटकते.

तेव्हा पुढच्या वेळी नमुन्यांची वही मांडीवर आली की रंग मागाहून बघा. आधी विचारा, यावर बसणार कोण, हे धुणार कोण आणि पाणी किती लागणार? दुकानदार वैतागेल. वैतागू द्या. पाहुणेही नाक मुरडतील कदाचित. त्यांना आत बोलवा आणि सतरंजीवर बसवा. अर्ध्या तासात तिथेच लवंडून घोरायला लागले नाहीत तर मला सांगा.