नेम कोणाचा : रायफलीचा कीं हाताचा ?

"नाचतां येईना, अंगण वांकडें" ही म्हण आम्ही शिक्षक लोक वर्गांत इतक्या वेळां उच्चारतों कीं, ती प्रत्येक वेळीं खरी असते किंवा नाहीं हें तपासून पाहण्याची आम्हांस गरजच वाटत नाहीं. पेन वाईट म्हणून अक्षर वाईट, बॅट जुनी म्हणून धांवा नाहींत, असें गाऱ्हाणें घेऊन कोणी विद्यार्थी आला कीं ही म्हण त्याच्या अंगावर टाकून आम्ही मोकळे होतों. परंतु अंगण कधीं कधीं खरोखरच वांकडें असतें. आणि अशा वेळीं म्हण ऐकविणाऱ्याच्या पदरीं अन्यायाचा दोष येतो.

हा विचार मनांत येण्याचें कारण असें. गेल्या पावसाळ्यांत एक पालक आमच्या भेटीस आले. ते ह्याच शाळेचे जुने विद्यार्थी. त्यांचा मुलगा नववींत शिकत असून दोन वर्षांपासून नेमबाजीच्या क्लबांत जातो. थोडा वेळ इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर ते म्हणाले, "सर, मुलाला परदेशी रायफल हवी आहे. साध्या रायफलीवर आपले गुण वाढत नाहींत, असें तो म्हणतो. किंमत लाखांच्या घरांत जाते. गांवाकडे वडिलार्जित जमिनीचा एक तुकडा आहे. तो काढूं काय?" आम्हीं त्या दिवशीं उत्तर दिलें नाहीं. आठ दिवसांची मुदत मागून घेतली. कारण ह्याच विषयांत पूर्वीं आमच्या हातून एक चूक झालेली आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं विद्यार्थ्यांच्या एका शिबिरांत आम्ही देखरेखीस होतों. कागदी निशाणावर प्रत्येकानें पांच गोळ्या झाडावयाच्या, आणि त्या जितक्या एकमेकींजवळ पडतील तितका नेमबाज चांगला, असा तेथील साधा नियम होता. एका मुलाच्या पांच गोळ्या पांच दिशांस गेल्या. "सर, रायफल हलते," असें तो म्हणाला. आम्हीं सर्वांदेखत त्यास तीच म्हण ऐकविली. तिसऱ्या दिवशीं एका जाणत्या गृहस्थांनीं ती रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवून स्वतः पांच गोळ्या झाडल्या. त्याही तळहाताएवढ्या जागेंत विखुरल्या. नळी दस्त्यास बांधणारा स्क्रू ढिला होता. आम्हीं त्या मुलाची क्षमा मागितली, आणि ती त्यानें दिलीही; परंतु तो पुन्हां कधीं रायफलीस शिवला नाहीं. तेव्हांपासून साधनासंबंधीं कोणी तक्रार केली कीं आम्ही आधीं साधन पाहतों, मग माणूस.

ज्या रायफलीविषयीं हा प्रश्न आहे ती .२२ ची 'रिमफायर' रायफल होय. तिच्या काडतुसाच्या बुडाला जी पितळी कड असते, तिच्या पोकळींत पेट घेणारा मसाला भरलेला असतो. चाप ओढला कीं आंतील टोंचा त्या कडेवर आपटतो, मसाला पेटतो, दारू जळते, आणि सुमारें २.६ ग्रॅम वजनाची शिशाची गोळी बाहेर पडते. आज सर्वत्र वापरांत असलेलें 'लाँग रायफल' जातीचें काडतूस अमेरिकेंत १८८७ सालीं निघालें. एकदां कड चेपली गेली कीं हें काडतूस पुन्हां भरण्याजोगें राहत नाहीं. मोठ्या रायफलींचे नेमबाज आपलीं काडतुसें घरीं मापून भरतात, तसें येथें चालत नाहीं. कारखान्यांतून जें येईल तेंच वापरावें लागतें. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

आतां किंमतीकडे वळूं. अमेरिकेंत १९६४ सालापासून विकली जाणारी रुगर कंपनीची '१०/२२' ही रायफल लाखोंच्या संख्येनें खपली आहे; तिला कांहीं शें डॉलर पडतात. जर्मनींतील अनशुट्झ ही पेढी १८५६ सालीं स्थापन झालेली. तिच्या स्पर्धेच्या रायफलीस कांहीं हजार डॉलर मोजावे लागतात. दोहोंत काडतूस एकाच मापाचें. मग हा अधिक पैसा जातो कोठें ? तो मुख्यतः चार ठिकाणीं जातो. पहिलें ठिकाण नळी : ती आंतून आरंभापासून शेवटपर्यंत एकसारखी घांसलेली असते. दुसरें चाप : तो बोटाच्या अल्प दाबानें, प्रत्येक वेळीं अगदीं त्याच बिंदूवर सुटतो. तिसरें दस्ता : त्याची लांबी, गालाचा टेंकू, खांद्यास लागणारा भाग, हें सर्व नेमबाजाच्या शरीराप्रमाणें पुढेंमागें करतां येतें. चौथें, नेम धरण्याचीं साधनें : तीं अत्यंत बारीक पायऱ्यांनीं सरकवितां येतात. तेव्हां महाग रायफल म्हणजे केवळ श्रीमंतीचा डौल, असें म्हणणाऱ्यांशीं आम्ही सहमत नाहीं. तो पैसा खऱ्या कारागिरीचा आहे.

पण कारागिरी खरी असली म्हणून ती प्रत्येकाच्या उपयोगाची ठरते असें नाहीं. येथें थोडें गणित करूं. पन्नास मीटरवरील स्पर्धेच्या निशाणावर दहा गुणांचें वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचें, आणि नऊ गुणांचें २६.४ मिलिमीटर व्यासाचें असतें. गोळीचा व्यास ५.६ मिलिमीटर, आणि गोळीनें रेषेस नुसता स्पर्श केला तरी वरचे गुण मिळतात. म्हणजे गोळीचा मध्यबिंदु केंद्रापासून १६ मिलिमीटरच्या आंत पडला कीं नऊ गुण हुकत नाहींत. ह्याचा अर्थ असा कीं, जी साधी रायफल आपल्या गोळ्या ३२ मिलिमीटरच्या वर्तुळांत टाकते, ती नीट नेम धरणाऱ्यास नवाच्या खालीं कधींच उतरवीत नाहीं. जो मुलगा सहा आणि सात गुण मिळवून रायफलीस दोष देतो, त्याचे उरलेले गुण कोणीं खाल्ले हें त्यानेंच सांगावें.

कोणी म्हणेल, रायफलीची चूक आणि हाताची चूक ह्यांची बेरीज होत असेल. होते, परंतु ती सरळ बेरीज नव्हे. एकमेकींवर अवलंबून नसलेल्या दोन चुका काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजूंप्रमाणें मिळतात, आणि एकंदर चूक म्हणजे त्याचा कर्ण. नववीच्या विद्यार्थ्यांस हें प्रमेय पाठ आहे. त्याचा येथें उपयोग करावा. उदाहरणादाखल असें समजूं कीं, नवशिक्याच्या हाताचा विस्कळितपणा ६० मिलिमीटर, स्वस्त रायफलीचा ३० आणि महाग रायफलीचा १५ आहे. स्वस्त रायफलीनें एकंदर चूक सुमारें ६७ होईल, महाग रायफलीनें सुमारें ६२. जमीन विकून मिळविले काय, तर पांच मिलिमीटर ! आतां तोच हिशेब कसलेल्या नेमबाजासाठीं करा. त्याच्या हाताची चूक १२ धरली, तर स्वस्त रायफलीनें ३२ आणि महाग रायफलीनें १९. येथें फरक सुमारें दोन-पंचमांशांचा पडतो. तेव्हां प्रश्नाचें उत्तर रायफलीच्या किंमतीवर नसून ती कोणाच्या हातीं आहे ह्यावर अवलंबून आहे.

वरच्या पायरीवर हा फरक किती जिव्हारीं लागतो, त्याचें उदाहरण आपल्याच देशांतलें आहे. २०१२ सालच्या लंडन ऑलिंपिकमध्यें पन्नास मीटर 'प्रोन' स्पर्धेंत जयदीप कर्माकर ह्यांस चौथें स्थान मिळालें. कांस्यपदक अवघ्या १.९ गुणांनीं हुकलें. जेथें एकेका गुणाचे दहा भाग मोजतात, तेथें उत्तम नळी ही चैन नव्हे, गरज होय. अशा माणसास "अंगण वांकडें" म्हणून हिणविणें हा अन्यायच.

दुसरी गोष्ट काडतुसांची. तीं घरीं भरतां येत नाहींत हें वर सांगितलेंच आहे. एकाच नांवाच्या काडतुसांच्या दोन घाण्यांतही फरक असतो, आणि एका नळीस जी घाणी मानवते ती दुसरीस मानवेलच असें नाहीं. म्हणून मोठे स्पर्धक निरनिराळ्या घाण्यांचीं काडतुसें आपल्या नळींतून झाडून पाहतात, आणि जी जुळेल तिचा सांठा करून ठेवतात. शिवाय स्पर्धेचें काडतूस मुद्दाम असें भरलेलें असतें कीं, गोळीचा वेग ध्वनीच्या वेगाहून थोडा कमी राहावा. नाहींतर तो वेग ओलांडून मागें येतांना गोळी डळमळते. साध्या पण निर्दोष रायफलींत चांगलें काडतूस घातलें, तर पुष्कळदां ती आपल्या किंमतीस लाजविण्याजोगें काम करते; उलट लाखाच्या रायफलींत हलकें काडतूस म्हणजे जातिवंत घोड्यास कडबा दाखवून शर्यतींत उतरविणें होय. ज्याच्याजवळ पैसा मोजका आहे त्यानें तो आधीं चांगल्या काडतुसांवर, मार्गदर्शकावर आणि सरावाच्या तासांवर खर्च करावा. रायफलीची पाळी त्यानंतर.

आणि सराव विकत मिळत नाहीं. हंगेरीचे करोली ताकाच हे सैनिक पिस्तुलाचे नामांकित नेमबाज होते. १९३८ सालीं हातबाँबच्या अपघातांत त्यांचा उजवा हात निकामी झाला. त्यांनीं डाव्या हातास तीच विद्या पहिल्यापासून शिकविली, आणि १९४८ व १९५२ अशा दोन ऑलिंपिकमध्यें सुवर्णपदक मिळविलें. जो डावा हात त्यांनीं घडविला तो कोणत्या दुकानांत मिळाला असता ?

आतां पालकांच्या पैशासंबंधीं. आपल्याकडील १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणें वयाचीं २१ वर्षें पूर्ण होईपर्यंत शस्त्राचा परवाना मिळत नाहीं. त्याहून लहान नेमबाजास देखरेखीखालींच सराव करावा लागतो. म्हणजे नववींतल्या मुलासाठीं घेतलेली रायफल त्याच्या नांवावर होणारच नाहीं. शिवाय तो अद्याप वाढत आहे. आज जो दस्ता त्याच्या खांद्यास बसतो तो दोन वर्षांनीं बसणार नाहीं. मात्र एक सवलत आम्ही अवश्य देऊं. दस्ता मुलाच्या मापाचा नसेल तर त्यास चुकीची बैठक जडते, आणि ती पुढें सुटतां सुटत नाहीं. तेव्हां क्लबाची रायफल स्वस्त असो. पण ती मापाची असावी, घट्ट असावी, आणि वाळूच्या पिशवीवर तपासलेली असावी. स्वस्त आणि सदोष हे दोन शब्द समानार्थी नाहींत.

इंग्लंडांत बोअर युद्धाच्या काळीं, १९०१ सालीं, कामकऱ्यांच्या रायफल क्लबांची संस्था निघाली, आणि लॉर्ड रॉबर्ट्स ह्यांनीं त्या चळवळीचा हिरिरीनें पुरस्कार केला. एकेकट्या मजुरास जें साधन परवडलें नसतें तें क्लबामुळें सर्वांच्या हातीं आलें. आपल्याकडे १९५१ सालीं राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली, ती दादासाहेब मावळंकर ह्यांच्या पुढाकारानें. महाग रायफल घेणें हें अशा संस्थांचें, शाळांचें आणि सरकारचें काम आहे. एक उत्तम रायफल दहा होतकरू मुलांनीं आळीपाळीनें वापरावी. एका मुलासाठीं एका बापानें शेत विकूं नये.

कोल्हापूर जिल्ह्यानें ह्या बाबतींत मोठा धडा घालून दिला आहे. १९५२ सालीं खाशाबा जाधव ह्यांस कुस्तीसाठीं हेलसिंकीस पाठवावयाचें होतें, तेव्हां लोकांनीं वर्गणी दिली आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर ह्यांनीं आपलें घर गहाण ठेवलें, ही हकीकत प्रसिद्ध आहे. त्याच जिल्ह्यांतील तेजस्विनी सावंत २०१० सालीं म्यूनिक येथें पन्नास मीटर 'प्रोन' प्रकारांत जगज्जेत्या झाल्या. आणि कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे ह्यांनीं २०२४ सालीं पॅरिस ऑलिंपिकमध्यें पन्नास मीटर तीन अवस्थांच्या स्पर्धेंत ४५१.४ गुणांसह कांस्यपदक पटकाविलें. कुसाळे ह्यांचे वडील शिक्षक. मुलाच्या नेमबाजीसाठीं त्यांनीं कर्ज काढलें होतें, असें वृत्तपत्रांतून आलें आहे. त्या पित्यास आमचा नमस्कार. परंतु ज्या घरांत कर्ज काढूनही पदक आलें नाहीं त्या घराचें वृत्त कोणी छापीत नाहीं, हेंही पालकांनीं विसरूं नये.

आठ दिवसांनीं ते पालक पुन्हां आले. आम्हीं त्यांस सांगितलें, "जमीन राहूं द्या. आधीं क्लबाची रायफल पिशवीवर तपासून घेऊं." ती तपासली, ती निर्दोष निघाली. मुलास हें रुचलें नाहीं. पंधरा दिवस तो आमच्याशीं धड बोलला नाहीं. आतां तो एका वहींत दर आठवड्याचें निशाण चिकटवितो, आणि गोळ्यांचा घेर मापून खालीं आंकडा लिहितो. रायफलीचा स्वतःचा घेर पहिल्या पानावर लिहिलेला आहे. ज्या दिवशीं त्याच्या हाताची चूक रायफलीच्या चुकीहून लहान होईल, त्या दिवशीं रायफल त्याला मागें खेंचूं लागली असें आम्ही समजूं. त्या दिवशीं त्याच्या वडिलांनीं जमीन काढावयाची नाहीं. ती वही हातांत घेऊन वर्गणीसाठीं दारोदार आम्हीं फिरावयाचें, असा आमचा त्याच्याशीं करार झाला आहे. वहींतला आंकडा सावकाश पण निश्चितपणें खालीं येत आहे. आणि खरें सांगावयाचें तर, आम्ही आपल्या चपला दुरुस्त करून ठेवल्या आहेत.