सपाट रस्त्यावरचा वेग फसवतो

२०२५ च्या टूर द फ्रान्समध्ये तादेय पोगाचारने तीन आठवड्यांत ३,३०० किलोमीटरहून अधिक अंतर ताशी सुमारे ४२.८ किलोमीटरच्या सरासरीने कापले. आल्प्स आणि पिरेनीजचे घाट या सरासरीत धरलेले आहेत. यंदा जानेवारीत पुणे ग्रँड टूरच्या निमित्ताने आंतरराष्ट्रीय व्यावसायिक सायकलपटू आपल्याच राज्यातल्या रस्त्यांवर धावले. त्यांचे आकडे वाचून खामगाव किंवा चिखलीतला रोज पहाटे सायकल चालवणारा माणूस मोबाइलवरची आपली २२-२५ ची सरासरी पाहतो आणि ठरवून टाकतो की ती माणसे वेगळ्याच मातीची आहेत, आपल्या जिल्ह्यातून तसे कोणी निघणे शक्य नाही. व्यावसायिक आणि हौशी सायकलस्वारांत अंतर आहे आणि ते मोठे आहे, यात वाद नाही. पण ते मोजायला आपण चुकीची जागा निवडतो. सपाटीवरचा वेग शरीराबद्दल फार थोडे सांगतो. शरीराची खरी मोजणी चढावर होते, आणि बुलढाणा जिल्ह्याला निसर्गाने ती जागा फुकट दिली आहे.

सपाट रस्त्यावर ताशी तीस किलोमीटरच्या आसपास गेलेल्या सायकलस्वाराची बहुतेक ताकद समोरची हवा बाजूला सारण्यात खर्च होते. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याला तोंड द्यायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने. वेग दुप्पट करायचा तर हवेसाठी आठपट शक्ती लागते. हेच गणित उलट बाजूने पाहिले, तर दुप्पट शक्तीच्या माणसाला सपाटीवर जेमतेम सव्वापट वेग मिळतो. सराव असलेला धडधाकट हौशी सायकलस्वार तासभर शरीराच्या दर किलोमागे तीन वॅटच्या आसपास शक्ती टिकवतो. अव्वल व्यावसायिक सहाच्या आसपास टिकवतो. म्हणजे शक्ती दुप्पट, पण एकट्याने सपाटीवर पळवले तर एक ताशी तीसने जाईल आणि दुसरा अडतीसच्या आसपास. मग बेचाळीसची सरासरी येते कुठून? ती मोठ्या प्रमाणात जथ्यातून येते. दीडशेहून अधिक सायकलस्वार एकमेकांना खेटून धावतात, तेव्हा आतल्या स्वारावरचा हवेचा रोध एकट्याच्या मानाने दहाव्या हिश्श्यापर्यंत खाली येऊ शकतो, असे पवनबोगद्यातल्या अभ्यासांत दिसले आहे. त्यात वाहतुकीला बंद केलेला रस्ता, सात किलोच्या आतबाहेरची सायकल, अंगाला चिकटलेला पोशाख आणि हँडलवर वाकलेली पाठ यांची भर पडते. चिखली रस्त्यावर ट्रकला वाट देत, ताठ बसून, वाऱ्याच्या तोंडावर एकट्याने २५ ची सरासरी राखणारा माणूस या तुलनेत स्वतःवर अन्याय करून घेतो.

हा आकडा उलट दिशेनेही फसवतो. नागपूरचे डॉ. अमित समर्थ आणि लष्करातले डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी २०१७ मध्ये ‘रेस ॲक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत एकट्याने पूर्ण केली. तोवर एकाही भारतीयाला हे जमले नव्हते. दोघांनाही बारा दिवसांपेक्षा किंचित कमी वेळ लागला. या शर्यतीत झोपेतही घड्याळ चालूच राहते, त्यामुळे त्यांची सरासरी ताशी सुमारे सतरा किलोमीटर येते. शाळेला उशीर झालेला मुलगा यापेक्षा वेगाने जातो! त्याआधी २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी हीच शर्यत दोघांच्या गटात पूर्ण केली होती. पेशाने डॉक्टर असलेल्या समर्थ आणि गोकुळनाथ यांची कामगिरी ‘ताशी सतरा’ या दोन शब्दांत मावत नाही. अंतर, वारा, चढ आणि जथा यांच्याशिवाय वेगाचा आकडा मुका असतो.

आता घाटाकडे येऊ. आपल्या जिल्ह्याची विभागणीच मुळी घाटावरचे तालुके आणि घाटाखालचे तालुके अशी आहे. मलकापूरकडून बुलढाण्याला येणारा राजूर घाट अजिंठ्याच्या डोंगररांगेची ती पायरी चढतो. चढावर वेग उतरतो, त्यामुळे हवेचा वाटा घटतो आणि जवळजवळ सगळी लढाई वजन उचलण्याची उरते. तिथे दुप्पट शक्तीला जवळपास दुप्पट वेग मिळतो. सपाटीवर झाकलेला फरक चढावर उघडा पडतो, तोही सगळ्यांसाठी एकाच मापाने. अव्वल व्यावसायिक मोठ्या घाटांत तासाला १,६०० मीटरहून अधिक उंची चढतो. चांगल्या हौशी सायकलस्वाराला ८०० जमले तरी ते कौतुकाचे आहे.

या मोजणीला प्रयोगशाळाही लागत नाही. वजनकाटा, घड्याळ आणि चढाची नेमकी उंची एवढे पुरते. समजा साठ किलोच्या मुलाने वीस किलोच्या सायकलवर तीनशे मीटर उंची वीस मिनिटांत गाठली. घर्षण आणि हवा बाजूला ठेवली तरी त्याने सुमारे १९६ वॅट, म्हणजे दर किलोमागे सव्वातीन वॅट शक्ती लावली. तोच मुलगा सात किलोच्या सायकलवर पावणेसतरा मिनिटांत वर आला असता. जड सायकलीने खाल्लेली सव्वातीन मिनिटे अशी कागदावर परत मिळवता येतात. पंचेचाळीस किलोच्या मुलीचे नुकसान याहून अधिक होते, म्हणून नुसत्या वेळेवर क्रमांक लावला तर हलक्या अंगाच्या मुली हमखास मागे पडतील. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. खेड्यातून रोज शाळेला सायकलने जाणाऱ्या या मुलींच्या पायांत काय आहे, हे आजवर कोणी मोजलेले नाही. जिल्हा क्रीडा कार्यालयाने पावसाळा सरल्यावर वर्षातून एकदा ही मोजणी करावी, अशी माझी मागणी आहे.

शाळेच्या सायकलीला गिअर नसतो, तिने घाट चढणे म्हणजे गुडघ्यांना त्रास, हा आक्षेप रास्त आहे. त्यासाठी गिअरच्या चार-पाच साध्या सायकली घ्याव्यात आणि सगळ्यांनी आळीपाळीने त्याच वापराव्यात. घाटात ट्रक आणि एसटी चालतात, हा धोका त्याहून मोठा. रविवारी पहाटे दोन तास रस्ता पोलिसांच्या बंदोबस्तात बंद ठेवता येत नसेल, तर मोजणी करूच नये. मुलांचा जीव घड्याळापुढे गौण नाही. तिसरा आक्षेप असा, की फुप्फुसे आणि हृदयाची क्षमता बरीचशी उपजत असते, सरावाने ती अमर्याद वाढत नाही. हे खरे आहे, पण त्यातून निष्कर्ष उलटा निघतो. गुण उपजत असेल तर तो शहर पाहून जन्म घेत नाही, त्याला शोधावेच लागते. अंदमानच्या एसो अल्बेनने २०१८ मध्ये कनिष्ठ गटाच्या जागतिक ट्रॅक सायकलिंग स्पर्धेत रौप्यपदक मिळवले. तो धावपट्टीवरचा वेगाचा प्रकार होता, घाटाचा नव्हता. पण मुख्य भूमीपासून इतक्या दूरच्या बेटावरचा मुलगा जागतिक पदकापर्यंत पोहोचला, कारण कोणीतरी त्याला वेळेवर हेरले आणि शिकवले.

सर्वांत अवघड प्रश्न पुढचा आहे. एखादी मुलगी सापडली तर तिला पाठवायचे कुठे? बालेवाडीला सायकलिंगची धावपट्टी आहे, पण तिथपर्यंतचा खर्च शेतमजुराच्या घराला झेपणार नाही. सायकल, आहार, प्रशिक्षक आणि वसतिगृह यांची तरतूद नसेल तर मोजणी म्हणजे मुलांना आशा दाखवून परत पाठवणे होईल. त्यामुळे आधी दोन-तीन मुलांच्या चार वर्षांच्या प्रशिक्षणाचा खर्च जिल्हा नियोजनाच्या निधीत नावानिशी मंजूर व्हावा आणि मगच घाटाच्या पायथ्याशी वजनकाटा मांडला जावा.