ठेकेदाराची उचल

दापोऱ्यातील एका गृहस्थांनी घरदुरुस्तीसाठी ओळखीच्या ठेकेदारास निम्म्याहून अधिक रक्कम आगाऊ मोजली. छप्पर उतरले, अर्धा गिलावा झाला, आणि ऐन पावसाच्या तोंडावर ठेकेदार दिसेनासा झाला. करार तोंडी, पावती नाही! शेजारच्या बऱ्हाणपुरात १६१५ सालचा कुंडी भंडारा आजही पाणी देतो. येथे मात्र भिंत पहिल्याच सरीत भिजली. ओळख म्हणजे करार नव्हे, हे आम्ही स्पष्ट सांगतो. पैसे कामाच्या टप्प्यागणिक व लेखी द्यावेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये जिल्हा आयोगापुढे दोन वर्षांत तक्रार करता येते, वकिलावाचूनही. बँकेतील नोंदी, अर्धवट कामाची छायाचित्रे पुराव्यास येतात. या गृहस्थांची मुदत अद्याप उरली आहे. भिडेपोटी ती दवडू नये.