विश्लेषण : जुन्या कॅमेऱ्याला गिऱ्हाईक, निगेटिव्हला कोण?

फिल्म कॅमेऱ्यांचे वेड पुन्हा वाढले आहे. ‘यशिका मॅट १२४-जी’ हा त्यातला संग्राहकांचा लाडका. जालना, अंबड, परतूरच्या जुन्या फोटो स्टुडिओंच्या कपाटांतही असे कॅमेरे निघू शकतात. मात्र खरा ऐवज शेजारच्या निगेटिव्हच्या डब्यात असतो.

या कॅमेऱ्यात वेगळे काय?

१९७० ते १९८६ या काळात बनलेल्या या जपानी कॅमेऱ्याला दोन भिंगे आहेत. वरच्यातून पाहायचे, खालच्यातून फोटो निघतो. कॅमेरा पोटाशी धरून वरून काचेत डोकवावे लागते आणि समोरचे दृश्य डावे-उजवे उलटे दिसते. ‘१२०’ फिल्मच्या रोलवर फोटो अवघे १२. पण निगेटिव्ह सहा बाय सहा सेंटिमीटरची, म्हणजे ३५ मिमीच्या निगेटिव्हपेक्षा साडेतीन पटींहून मोठी. वऱ्हाडाच्या ग्रुप फोटोत मागच्या रांगेतले आजोबाही ओळखू येतात ते यामुळेच.

घेताना काय पाहावे?

भिंगावर बुरशी आहे का आणि एक सेकंदाच्या वेगावर शटर अडकते का, हे आधी तपासावे. याचा लाइट मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर चाले. तो आता मिळत नाही; साधा दीड व्होल्टचा सेल घातला की मीटर चुकतो.

मग निगेटिव्हचे काय?

कृष्णधवल निगेटिव्हमध्ये चांदी असते, त्यामुळे भंगारात तिलाही दाम आहे. उरलेल्या उन्हाळ्याच्या उष्णतेत आक्रसतात. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फिल्म कुजू लागली आहे. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. त्याआधीची आणि नंतरची लग्ने, मिरवणुका, १९७२च्या दुष्काळाची कामे यांची चित्रे सरकारी दप्तरापेक्षा अशा डब्यांतच सापडण्याची शक्यता जास्त.

त्यामुळे कॅमेऱ्यासाठी घासाघीस करणाऱ्या संग्राहकाने डब्याचीही चौकशी करायला हवी. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना हे काम अवघड नाही. खालून पांढरा उजेड, वर डिजिटल कॅमेरा आणि संगणकावर रंग उलटे करणे, एवढेच लागते. घरगुती फोटो जाहीर करण्याआधी कुटुंबाची परवानगी मात्र घ्यावी. आणि पाकिटावरचे नाव-तारीख आधी उतरवून घ्यावी, कारण फोटोत कोण आहे हे सांगू शकणारे स्टुडिओमालक आता सत्तरी-ऐंशीत आहेत.